दोन सैल

माझं काम रॅकेटचं गटिंग करायचं. म्हणजे टेनिसच्या रॅकेटमध्ये तारा ओढून बसवायच्या, आधी उभ्या, मग आडव्या, एक वरून एक खालून. लोकांना वाटतं, यात काय एवढं मोठं, मशीन ओढतं आणि माणूस बघत बसतो. अशा शहाण्यांना मी एकदा मशीनपुढे बसवतो. तिसऱ्या आडव्या तारेला बोटांची सालं निघतात आणि मग ते मला मुकाट्याने काका म्हणायला लागतात.

दुकान माझ्या मेहुण्याचं. पुढे तो बूट, चेंडू, टोप्या विकतो आणि गप्पा फुकट देतो. मागच्या खोलीत मी, मशीन, एक स्टूल आणि एक पंखा. मध्ये नुसता पडदा आहे, त्यामुळे पुढची सगळी बडबड माझ्या कानात येते. सोमवारी सकाळी आमच्या धाकट्याने टेनिसमधून निवृत्ती जाहीर केली आणि तेव्हापासून दुकानात जो बाजार भरला तो उठायलाच तयार नव्हता.

"धाकट्याच्या मोठ्या स्पर्धा चौदा म्हणजे चौदा," मेहुणा म्हणत होता. "समोरच्या त्या डावखुऱ्याच्या पंधरा झाल्या. विषय संपला. थोर तोच."

"आकड्यावर कुठे थोरपण ठरतं का हो?" हे बँकेतले कारकून. बूट बघायला म्हणून येतात, घेत कधीच नाहीत. "खेळ बघा त्याचा. मनगट बघा."

"मनगट घेऊन काय चाटायचंय? ती फायनल आठवा. पाचवा सेट, पाच-चार, मॅच पॉइंट हातात. समोर साधा, लोण्यासारखा चेंडू. आणि हाणला कुठे, तर जाळ्यात! कच खाल्ली पठ्ठ्याने. कच खाणाऱ्याला थोर म्हणत नाहीत."

कच खाल्ली. नऊ वर्षं मी हे ऐकत होतो. पेपरात, टीव्हीवर, न्हाव्याच्या खुर्चीत. पण त्याने कच खाल्ली नव्हती. घोळ मी घातला होता आणि मूग गिळून बसलो होतो.

धाकटा हे काही त्याचं नाव नाही. ते दोघे भाऊ क्लबवर आले तेव्हा एक सतरा वर्षांचा होता आणि एक आठ. आम्ही सगळे त्यांना थोरला आणि धाकटा म्हणायला लागलो आणि तेच चिकटलं. थोरलाही बरा खेळायचा. पण घरात एकाच्याच खेळाचा खर्च झेपणारा होता, तेव्हा त्याने स्वतःची रॅकेट धाकट्याच्या हातात दिली आणि त्याचा कोच झाला. पहिल्या दिवसापासून त्या रॅकेटचं गटिंग मी केलं. पुढे धाकटा जगभर फिरायला लागला तेव्हा मलाही बरोबर घेऊन गेला. इतक्या वर्षांत आमचं बोलणं आटत आटत दोन-तीन शब्दांवर आलं होतं. "नेहमीचं" म्हणजे चोपन्न पौंडांचा ताण. "एक घट्ट" म्हणजे पंचावन्न. दुसऱ्या कुणाला कळू नये असं आमचं बोलणं, आणि मला त्याचा केवढा तोरा!

त्या फायनलच्या आदल्या संध्याकाळी धाकटा माझ्या दारावरून जाता जाता म्हणाला, "काका, उद्या दोन सैल."

मी म्हटलं, "बरं."

आठ रॅकेट होत्या. त्याच्या आधीच्या स्पर्धेत थोरल्याने माझ्याकडून आठांतल्या दोनच सैल करून घेतल्या होत्या, हवा बदलली तर हाताशी असाव्यात म्हणून. तेच माझ्या डोक्यात बसलं होतं. मी दोन रॅकेट सैल केल्या, सहा नेहमीच्या ठेवल्या, सैल त्या बॅगेत वर ठेवल्या. हवा जड आहे म्हणून आठही रॅकेट दोन पौंडांनी सैल हव्यात, असं त्याला म्हणायचं होतं. एक शब्द विचारला असता तर? पण विचारायला लागू नये, हीच तर माझी फुशारकी होती.

चार सेट तो वरच्या दोन रॅकेट आलटून पालटून खेळला, आणि काय खेळला! पाचव्या सेटला पाच-चार झाले, मध्ये दोघे खेळाडू बाकावर बसले. त्या दोन रॅकेटच्या तारा आता थकल्या होत्या. वर प्रेक्षकांत बसलेल्या थोरल्याला आवाजावरून ते कळलं आणि त्याने खूण केली, नवी घे. धाकट्याने तिसरी घेतली. ती दोन पौंडांनी जास्त घट्ट होती. घट्ट तारेवरून चेंडू कमी उडतो, एवढंच. तुम्हाला-मला फरक कळणार नाही. त्याला कळला, पण तारांचा नाही कळला. त्याला वाटलं, आपला हातच आखडला. जाळ्यात गेला चेंडू. मग तो गेम गेला, मग सेट गेला, आणि ती रॅकेट त्याने तिथेच आपटून मोडली.

संध्याकाळी पत्रकारांसमोर तो म्हणाला, "हवा जड होती म्हणून सगळ्याच रॅकेट दोन पौंड सैल करून घेतल्या होत्या, तेव्हा चूक रॅकेटची नाही, माझी आहे." सगळ्याच. मी मागे उभा राहून ऐकत होतो. खोलीवर गेलो आणि उरलेल्या सातही रॅकेटच्या तारा कापून टाकल्या. सामना झाला की तारा कापायच्या हा नेहमीचाच रिवाज, कुणाला काही वावगं वाटलं नाही.

आठवड्याने थोरला माझ्याकडे आला, याच खोलीत, याच स्टुलावर बसला. तोवर दोघा भावांचं फाटलं होतं. त्याने मला सरळ विचारलं, "काका, आठही सैल होत्या ना?"

मी म्हटलं, "हो."

"मग चूक माझीच," तो म्हणाला. "मीच बदलायला लावली." आणि पाणीसुद्धा न पिता गेला. तीन वर्षांनी तो वारला. हृदय. धाकटा तेव्हा स्पर्धेत होता, तो आला नाही.

मंगळवारी धाकट्याचा फोन आला. रविवारी निरोपाचा सामना आहे, सहा रॅकेट करून हव्यात, गुरुवारी दुपारी स्वतः येतो. फोन ठेवला आणि मी बायकोला म्हटलं, "या वेळी सांगणार."

तिला सगळं ठाऊक होतं. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "कुणासाठी?"

"त्याच्यासाठी. जन्मभर कच खाणारा म्हणून मिरवणार का तो? त्याच्या नावावरचा डाग पुसला जाईल."

"आणि थोरल्याचं काय?"

"तो गेला बिचारा."

"तुम्हाला हलकं व्हायचंय," ती म्हणाली. "व्हा की. पण ते ओझं ठेवणार कुठे, तेवढं आधी बघा." बायको असं काही बोलली की मला राग येतो. त्या दिवशीही मी पेपर उघडून बसलो.

गुरुवारी तो आला. मेहुण्याने सकाळपासून काउंटर दोनदा पुसला होता आणि नवा शर्ट घातला होता. फोटो झाले, सह्या झाल्या. मग धाकटा पडदा सारून आत आला आणि स्टुलावर बसला. सदतिसाव्या वर्षी गुडघ्याला पट्टा, कानशिलाला पांढरे केस. सहाही रॅकेट मी करून भिंतीशी लावून ठेवल्या होत्या. त्याने एक उचलली, तळहातावर तारा ठोकून बघितल्या, कान लावला.

"तुमच्यासारखं गटिंग जगात कुणी करत नाही, काका," तो म्हणाला.

आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं. मी सांगून टाकलं. दोन सैल म्हणजे मी काय समजलो, कुठल्या दोन वर ठेवल्या, तिसरी कितीची होती. न थांबता सांगितलं. मधे पंखा बंद केला, कारण माझा मलाच आवाज ऐकू येईना.

त्याने मूठ उघडून स्वतःचा तळहात बघितला. मग म्हणाला, "म्हणजे माझा हात आखडला नव्हता."

"नव्हता रे."

"मी घाबरलो नव्हतो."

"अजिबात नाही. चोपन्न होती ती. बावन्नची असती तर चेंडू पलीकडे गेला असता."

तो हसला. खरंच हसला, क्लबवर पहिल्यांदा आला तेव्हासारखा. मला इतकं बरं वाटलं, की नऊ वर्षं उगाच घाबरलो असं मनात आलं. बायकोला जाऊन कधी एकदा सांगतो असं झालं.

"मग दादाने बदल म्हणून सांगितलं, ते बरोबर होतं?"

"बरोबरच होतं. तारा गेल्या होत्या. मी असतो तरी तेच सांगितलं असतं."

त्याचं हसू विरलं. रॅकेट मांडीवर ठेवून तो तिच्याकडे बघत राहिला.

"मी त्याला सगळ्यांसमोर बोललो," तो म्हणाला. "म्हटलं, तुला स्वतःला काही जमलं नाही, म्हणून माझंही वाटोळं केलंस. तो गप्प राहिला. उलटून बोलला असता तर बरं झालं असतं. नंतर फोन करायचा, मी उचलायचो नाही. तो गेला त्या दिवशी माझी मॅच होती. मी खेळलो, काका. जिंकलोसुद्धा."

मी टेबलावरची कात्री उगाच सरळ केली.

"त्याला शंका आली असेल," तो म्हणाला. "त्याच्या नजरेतून काही सुटत नसे. त्याने तुम्हाला कधी विचारलं नाही?"

इथे नाही म्हणता आलं असतं. मेलेला माणूस काही साक्षीला येत नाही. पण एवढं बोलून झाल्यावर जीभ खोटं बोलायला वळेना.

"विचारलं होतं. तू बसलायस तिथेच बसून."

"मग?"

"मी सांगितलं, आठही सैल होत्या."

तो स्टुलावरून उठला. मला वाटलं, हात उगारतो की काय. उगारला असता तर मी मार खाल्ला असता. पण त्याने टेबलावरची कात्री घेतली आणि हातातल्या रॅकेटच्या तारा कापायला लागला, एका कडेपासून. तारा नेहमी मधून कापायच्या असतात. कडेपासून कापल्या की ताण एकीकडे राहतो आणि फ्रेम वाकते. त्याला हे मीच शिकवलं होतं, तो आठ वर्षांचा असताना.

"मधून काप रे," माझ्या तोंडून सवयीने गेलं. "वाकेल ती."

"वाकू दे."

सहाही रॅकेट त्याने तशाच कापल्या, एकेक तार, कडेपासून. मग कात्री होती तिथे ठेवली आणि रिकाम्या हाताने पडद्याबाहेर गेला.

बाहेर मेहुणा टपलेलाच होता. कारकूनही होते. "साहेब, जाता जाता एक सांगा," मेहुणा म्हणाला. "आमचा सोमवारपासून वाद चाललाय. तुम्ही की डावखुरा? खरा थोर कोण?"

दाराची घंटी वाजली.

"दादा," तो म्हणाला.

दार लागलं. मेहुण्याला उकळ्या फुटल्या. "ऐकलंत? मला दादा म्हणाला! एवढा मोठा माणूस, आणि मला दादा! उत्तर टाळलं बघा कसं. विनय म्हणतात तो हाच." कारकून म्हणाले, खरंय, थोर माणसांची हीच खूण. तेव्हापासून दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मेहुणा ही गोष्ट सांगतो.

तो कुणाला दादा म्हणाला हे त्या दुकानात मला एकट्यालाच कळलं होतं. पडदा सारून फक्त एक वाक्य बोलायला हवं होतं. मी खाली बसलो आणि तारांचे तुकडे गोळा करायला लागलो.