बर्फातला हात

हे कुणालाच खरं वाटणार नाही, म्हणून तर छातीठोक सांगतो, असं मी सिद्धरामच्या गिरणीत ज्वारीचा डबा रांगेत लावता लावता म्हणालो. मागच्या दळणाला विरी, म्हणजे चिकटपणा नव्हता, भाकरी काठाला चिरत होती, तेव्हा या खेपेला बारीक काढ, एवढं त्याला बजावलं आणि उजवा हात खिशात घालून पोत्यावर बसलो. दळणाला आलेले शेषेराव होते, शेजारची चांगुणा होती. गिरणीचा पट्टा फिरत होता, त्यामुळं जरा ओरडूनच सांगावं लागलं.

तरुणपणी माझ्या डाव्या पायावर बैलानं खूर ठेवला आणि त्याच घटकेला उजव्या हाताला इंगळी डसली. एक दुखणं खालून निघालं, एक वरून. बेंबीपाशी त्यांची गाठ पडली. आधी कुणी जायचं यावरून अशी जुंपली, की तेवढ्यात मी नांगराची चार तासं या बांधापासून त्या बांधापर्यंत ओढून घेतली.

शेषेराव हसले. हसू द्या. लातूरच्या डॉक्टरीणबाई, बुद्धप्रिया त्यांचं नाव, त्याही हसल्या होत्या. पण म्हणाल्या, केरबाकाका, यात चिमूटभर खरं आहे.

माझ्या बायकोला, साखराबाईला घेऊन त्यांच्याकडं गेलो होतो. सहा वर्षांपूर्वी ती विहिरीच्या पायरीवरून घसरली. कंबरेचं हाड तीन महिन्यांत जुळलं, दुखणं मात्र राहिलं. मग ते पाठीत चढलं, खांद्यात गेलं. आता तर बांगडी सरकली तरी कळ येते. फोटोत हाड धडधाकट दिसायचं आणि जो तो डॉक्टर तिच्याकडं असा बघायचा, जणू आमच्या घरात खोटं बोलणारा मी एकटाच नाही.

या बाईंनी तसं बघितलं नाही. बर्फाच्या पाण्याची बादली मागवली. आधी तिच्या अंगठ्याचं नख दाबलं आणि दहापैकी किती दुखतं ते विचारलं. ती म्हणाली, सहा. मग दुसरा हात पाण्यात बुडवायला लावून पुन्हा तेवढंच दाबलं. मीही हट्टानं करून घेतलं. माझे पाच होते, ते दोनावर आले. तिचे सहाचे सहा.

बाईंनी समजावलं, एकीकडं दुखलं की मेंदू खाली निरोप धाडतो, बाकीचं दुखणं आवरा. शरीर आपलं औषध आपणच पाझरतं. पण वर्षानुवर्षं दुखत राहिलेल्या कित्येकांचा हा निरोप क्षीण होतो. काकूंचं तसंच दिसतंय, त्यांचं दुखणं खरं आहे. हे ऐकून साखराबाईनं पदर डोळ्याला लावला.

"मंग माझाच निरोप का पोचंना, बाई?"

बाईंनी चिठ्ठी लिहायला घेतली. गोळी, रोज थोडं चालणं, झोप. पूर्ण जाईल असं म्हणत नाही, कमी करायला बघू, म्हणाल्या. हात काढा आता, असं मला दोनदा सांगितलं. मी काढला नाही. बोटं निळी पडली तरी पाण्यातच ठेवला, दुसऱ्या हातानं तिचं मनगट धरलं आणि बाईंना म्हटलं, आता दाबा. तिचे सहाच.

शेषेरावांचं हसू मावळलं होतं. म्हणून म्हटलं, खरी गंमत पुढंच आहे. एसटीत मी तिचा हात सोडलाच नाही. अहमदपूरला माझा निरोप माझ्या खांद्यातून निघाला. लोह्याला मनगट ओलांडलं. नांदेडच्या स्टँडवर गर्दीत जरा अडकला. आणि भोकरला ती माझी पिशवी घेऊन टुणकन उतरली, मीच मागं लंगडत. दुसऱ्या दिवसापासून भाकऱ्या तिच्याच हातच्या. आज तर माहूरला गेली, देवीच्या पायऱ्या चढायला. आत्ता वर पोचली असेल.

सिद्धरामनं पट्टा थांबवला. माझं दळण झालं होतं. मी सवयीनं खिशातला हात काढला, गरम पीठ चिमटीत घेतलं आणि विरी आहे का ते बोटांत चोळून पाहिलं. चांगुणा त्या बोटांकडं बघत होती.

"भाऊजी," ती म्हणाली, "भाकरी ती करून राहिली, तर तव्याला बोटं तुमची कशी भाजली? ती अंथरुणातच हाय, न्हवं?"