न धुतलेला सदरा

मित्रांनो, हसा हवं तर. मी एक जुनं बुजगावणं आहे. डोकं म्हणजे तळ फुटलेलं मडकं, हाडं म्हणजे कपाशीच्या वाळक्या पराट्या, आणि डोळे चुन्याचे, तेही एक मोठा, एक बारका. घाटंजीपासून कोसभर लांब, रजनीताईच्या घरामागच्या परसबागेत मी उभा असतो. चिमण्यांना पळवणं हे माझं काम, आणि ते मी चोख करतो, उगाच सांगत नाही.

मला बांधलं रजनीताईच्या सासऱ्यांनी, नानाजींनी. महाशिवरात्र झाली होती. रजनीताईनं परसात वाफे केले, शेणखत कालवलं, भेंडी-चवळीचं बी भिजवून टोचलं, कुंपणाच्या कडेला काकडी आणि दोडका लावला. कोंब वर येतात न येतात तोच चिमण्यांनी अर्धा वाफा साफ केला! म्हणून मी. अंगात घालायला काहीतरी हवं होतं. रजनीताई घरात गेली आणि एक निळा सदरा घेऊन आली.

तो तिच्या नवऱ्याचा, अवधूतचा. आदल्या पावसाळ्याच्या शेवटी कपाशीवर अळी तुटून पडली होती. पराटी त्या वर्षी माणसाच्या डोक्यावर गेलेली. अवधूत पाठीला पंप लावून फवारणी करी आणि फवारा वरून त्याच्याच अंगावर पडे. पंप पाठीवर गळायचा, ते वेगळंच. चौथ्या दिवशी तो दवाखान्यात गेला, तो परत आला नाही. तेराव्यानंतर रिवाजाप्रमाणे त्याचे कपडे देऊन टाकले. हा एकच सदरा वावरातल्या खोपडीत, राखणीच्या झोपडीत, खुंटीला राहून गेला होता.

"धुवून त घे, बाई," नानाजी म्हणाले.

"नाही धुवत, मामाजी. धुतला त त्याईचा वास जाईन."

सदरा अंगात आला आणि मला काहीतरी झालं. वारा आत शिरला की ज्या वावरात मी कधी गेलो नाही, तिथल्या कपाशीच्या ओळी मला आठवत. खांद्याला पंपाचा पट्टा काचे, घशाशी कडू येई. भरदुपारी रजनीताई मागच्या दारात येई आणि मला पाहून नकळत डोक्यावर पदर घेई. नानाजी एकदा "अवधूत, पाणी सोडलं का रे?" असं बोलून गेले आणि मग स्वतःच उठून पाणी सोडायला गेले. त्या घरात मला बुजगावणं कोणीच म्हणत नव्हतं.

सलोनी ही रजनीताई आणि अवधूतची सात वर्षांची पोर. शाळेतून आली की दप्तर टाकून थेट मला मिठी मारी. सदऱ्यात तोंड खुपसून दिवसभराचं सांगे. "बाबा, तू काहून बोलत नाही? मले राग येऊन राह्यला बरं!"

मीही तिची वाट बघायचो, खोटं कशाला बोलू? पण मिठी सुटली की ती डोळे चोळी. हातांवर लाल पुरळ उठे. "ऊन लागलं," म्हणून रजनीताई खोबरेल लावी. मला मात्र कळत होतं. त्या सदऱ्यात अवधूतचा घाम होता, आणि पंपातलं औषधही होतं. लांब हो पोरी, असं ओरडावं वाटे. गावभरची पाखरं पळवणारा मी, मला एक लेकरू पळवता येईना!

चैत्रात पहिली काकडी धरली. सलोनीनं ती तोडली, मला दाखवली, माझ्या सदऱ्याला खसाखसा पुसली आणि खाल्ली. तासाभरात तिला उलट्या सुरू झाल्या, तोंडातून लाळ गळू लागली. नानाजींनी तिला उचललं आणि दवाखाना गाठला.

तिसऱ्या दिवशी रजनीताई एकटी परसात आली. पोर वाचली होती. घरात फवाऱ्याचं औषध कुठं आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं होतं. "नाही जी, सारं फेकलं," असं सांगता सांगताच तिला हा सदरा आठवला.

"लेकरू घेऊन चालले होते का तुमी?" ती माझ्याकडे बघून म्हणाली. मग स्वतःशीच म्हणाली, "तुमी नाही जी. मीच नाही धुतला."

सदरा काढायला तिनं हात पुढं केला. एकदा छातीशी धरावा असं तिला वाटलं असणार. पण तिनं हात मागं घेतला. काठीनं सदरा उचलला, विहिरीपासून लांब पडीत जागेत खोल खड्डा करून पुरला आणि कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले. काकडीचा वेलही उपटून टाकला. मग पायरीवर बसून ती रडली, अगदी मोकळं रडली.

सलोनी घरी आली तेव्हा माझ्या नुसत्या काड्या उरल्या होत्या. ती दारातच थांबली. "आई, बाबा कुठी गेला?"

"गेले, माय. आता खरंच गेले."

मित्रांनो, तुमचे बाबा फवारणी करून आले की धावत जाऊन त्यांना बिलगू नका. आधी त्यांच्या आंघोळीचं पाणी काढून ठेवा, साबण हाताशी ठेवा, ते कपडे वेगळे धुवायला सांगा. आंघोळ झाली की मग घट्ट मिठी मारा, सलोनीच्या वाटणीचीसुद्धा.