पहिल्या नावाखाली नऊ

ही गोष्ट १९८१ सालची. त्या वर्षी संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात संदर्भसूचीचे सहा जाडजूड खंड आले आणि ते ठेवायला जुन्या नकाशांचे कपाट रिकामे करावे लागले. आतली अक्षरे इतकी बारीक की जणू मुंगी शाईतून निघून कागदावरून चालत गेली असावी. ग्रंथपाल बाईंनी टेबल खिडकीशी ओढले, डाव्या हातात भिंग घेतले, उजव्या हातात पेन्सिल, आणि मोजायला बसल्या. संस्थेत त्यांना सगळे ताईच म्हणत. रसायन विभागातल्या एका माणसाच्या मात्र त्या सख्ख्या थोरल्या बहीण होत्या.

शोधलेखाच्या शेवटी लेखक आपण कोणकोणत्या जुन्या लेखांचा आधार घेतला ते लिहितो. जगभरच्या तशा याद्या उलट्या करून या खंडांत लावल्या होत्या. आपल्या माणसाचे नाव काढायचे, त्याखालच्या ओळी मोजायच्या, की किती जणांनी त्याचा उल्लेख केला ते कळते. संचालकांचा हुकूम होता की प्रत्येक शास्त्रज्ञाचे गेल्या पाच वर्षांतले उल्लेख मोजून ग्रंथपालांच्या सहीनिशी यादी द्यावी. ज्याचे पन्नासाच्या आत भरतील त्याची प्रयोगशाळा दुसऱ्याला मिळेल आणि तो खालच्या मजल्यावरच्या तपासणी विभागात जाईल. पूर्वी एखाद्याचे काम कसे चालले आहे हे पाहायला कोणीतरी दोन जिने चढून त्याच्या खोलीत जात असे. आता जिना चढायची गरज उरली नव्हती.

ताईंना हे काम आवडले होते, हे त्यांनी पुढे कधी लपवले नाही. चोख मोजणे त्यांच्या हाडात होते. विभागप्रमुखांचे नाव काढले तर चार स्तंभ भरलेले. प्रयोगशाळेत त्यांचे पाऊल वर्षातून दोनदा पडे, त्यातले एकदा छायाचित्रासाठी. पण विभागातून जाणाऱ्या प्रत्येक लेखावर पहिले नाव त्यांचे असावे असा रिवाज होता आणि तो कोणी मोडत नसे. एकच माणूस मोडत असे.

तो माणूस म्हणजे ताईंचा भाऊ. विभागात त्याला गोगलगाय म्हणत, आणि तोंडावर म्हणत, कारण त्याला राग येत नसे. त्याच्या खोलीत कोमट पाण्याची एक टाकी दिवसरात्र एकाच तापमानावर ठेवलेली असे. तिच्यात काचेच्या कुप्या बुडवलेल्या. प्रत्येक कुपीत नळाच्या पाइपाचा डाख दिलेला एक तुकडा आणि शहराच्या नळाचे पाणी, वरून तोंड ज्योतीवर वितळवून बंद केलेले. डाखातले शिसे पाण्यात किती उतरते आणि वर्षे जातील तसे वाढते की कमी होते, हे त्याला पाहायचे होते. आरंभी चाळीस कुप्या होत्या. दर वर्षी दोन फोडायच्या, असा वीस वर्षांचा प्रयोग. अकरा वर्षे झाली होती आणि अठरा कुप्या उरल्या होत्या.

ताईंनी भावाचे नाव काढले. मोजायला वेळच लागला नाही. नऊ.

भिंग पुसून त्यांनी पुन्हा मोजले. मग त्यांच्या ध्यानात आले. सूचीत लेख फक्त पहिल्या नावाखाली लागत होता. दुसरे, तिसरे नाव तिच्या लेखी नव्हतेच. ते नऊ भावाच्या एकट्याच्या जुन्या लेखांचे होते. विद्यार्थ्यांबरोबरच्या लेखांवर त्याने आपले नाव पहिले कधी घातलेच नव्हते. ज्याने हाताने काम केले त्याचे नाव आधी, असा त्याचा एकट्याचा नेम होता.

त्या संध्याकाळी घरी भावजय भाजी निवडत होती. भाऊ स्वयंपाकघरातला नळ सोडून उभा होता. घरातली ही रोजची गोष्ट. पाइपात साठून राहिलेल्या पाण्यात शिसे उतरते, म्हणून तो मनाशी साठ मोजी, तेवढे पाणी वाहू देई आणि मगच चहाचे भांडे भरी.

"आमच्या घरी आधी मोरीला पाजतात, मग माणसांना," भावजय म्हणाली. अकरा वर्षे ती हेच म्हणत होती.

"ताई, माझे किती भरले?" भावाने विचारले.

"नऊ."

"मला सातच वाटले होते. दोन वर आले," तो म्हणाला आणि भांडे भरून घेतले.

भावजय हसली नाही. तपासणी विभागात गेल्यावर कुप्यांचे काय होईल हे तिने विचारले. त्याने नळ बंद केला.

पुढचे तीन दिवस ताईंनी दुसरी यादी केली. भावाच्या मार्गदर्शनाखाली झालेला प्रत्येक लेख त्याच्या विद्यार्थ्याच्या नावाखाली शोधला. पाण्यातले अगदी बारीकसे शिसे मोजायची भावाची जी रीत होती, तिच्यावरचे लेख पुष्कळांनी वापरले होते. त्याचा पहिला विद्यार्थी आता विभागात त्याच्या शेजारच्याच खोलीत होता. घरात त्याला पहिला म्हणूनच ओळखत. त्याच्या नावाखाली एकशेवीस. धाकटी, म्हणजे शेवटची विद्यार्थिनी, भावाच्याच प्रयोगशाळेत हंगामी जागेवर होती. तिच्या नावाखाली एकसष्ट. परदेशी गेलेल्या दोघांचे मिळून एकवीस. भावाचे नऊ धरून दोनशे अकरा.

संचालकांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले. माणूस वाईट नव्हता. आपल्यालाही वर जाब द्यावा लागतो, असे ते म्हणाले. एक उल्लेख दोन माणसांच्या नावावर धरता येणार नाही, असेही म्हणाले. लेखातले मुख्य काम मार्गदर्शकाचे, म्हणजे सरांचे, होते असे सर आणि पहिले नाव असलेला विद्यार्थी या दोघांनी लिहून सही केली, तर तो लेख सरांकडे वळवता येईल. मग चष्मा काढत ते म्हणाले, "बाई, तुम्ही त्यांची बहीण आहात हे मी विसरायचा प्रयत्न करतोय. तुम्हीही करा."

ताई जिन्यातच थांबल्या आणि त्यांनी आकडे लावले. एकच लेख पुरत होता. पहिल्याच्या एका लेखाला त्रेचाळीस उल्लेख होते. नऊ आणि त्रेचाळीस, बावन्न.

दुसऱ्या दिवशी त्या पहिल्याच्या खोलीत गेल्या. त्याने उठून खुर्ची दिली, खिडकी लावून घेतली, भावजयीच्या गुडघ्याची चौकशी केली. विद्यार्थी असताना तीन वर्षे त्याचे रात्रीचे जेवण ताईंच्या घरी होत असे, आणि ते तो विसरला नव्हता. ते त्याने आपणहून सांगितले. त्याची बढती त्याच महिन्यात होती आणि तिला शंभर उल्लेख लागत होते, हे त्याने सांगितले नाही. ताईंना ते ठाऊकच होते, यादी त्यांनीच केली होती.

ताईंनी त्याला एका लेखापुरते विचारले. तो बराच वेळ पेनाचे टोपण लावत आणि काढत बसला.

"ताई, सरांनी मला तोंडाने सांगितलं तर मी आत्ता सही करीन," तो म्हणाला. "पण सरांनी सांगायला हवं."

दोघांनाही माहीत होते, सर सांगणार नाहीत. दार ओढून घेताना ताईंना वाटले, या मुलाला आपण जेवायला वाढले त्याचे वाईट नाही वाटत. एवढे शहाणे बोलायला तो आपल्याच घरी शिकला की काय, याचे वाटते.

धाकटी मात्र न बोलावता घरी आली. तिच्या एका लेखाला पंचेचाळीस उल्लेख होते. मजकूर लिहून, आपली सही करूनच तिने कागद आणला होता. बसली नाही. उभ्या उभ्याच तिने तो टेबलावर ठेवला.

"सर, तुमची सही राहिलीय फक्त."

भावाने कागद वाचला. हा लेख गेल्यावर तुझ्याकडे किती उरतात, असे त्याने विचारले. सोळा, ती म्हणाली. हंगामी जागा पुढे चालू राहायला किती लागतात, ते विचारल्यावर तिने ताईंकडे पाहिले. पंचवीस लागत होते. ते ताईंनी सांगितले.

"वन्सं, तुम्ही तरी सांगा यांना," भावजय म्हणाली. "पोरगी स्वतःच्या पायांनी आलीय. कोणी ओढून आणलेली नाही तिला."

ताईंनी सांगितले. जन्मात पहिल्यांदा त्या धाकट्या भावापुढे हात जोडून बोलल्या. कुप्यांना अजून नऊ वर्षे हवीत, त्या एकदा गेल्या की परत चाळीस भरून नव्याने मोजायला तुझे वय उरणार नाही, हे सगळे त्यांनी सांगितले.

भावाने कागदाची घडी घातली. "इथे लिहिलंय, मुख्य काम माझं. हिने चौदा महिने रोज सकाळी सातला येऊन आकडे घेतले. दोनदा बोटं भाजून घेतली. मी मागे उभा होतो. मागे उभं राहिल्याबद्दल पहिलं नाव घ्यायचं, तर मग विभागप्रमुखांना आपण एवढी वर्षं हसलो कशाला?"

"सर, कुप्या जातील," धाकटी म्हणाली.

"आकडा खोटा लिहून कुप्या राखल्या, तर पुढे त्यातला कुठला आकडा खरा मानायचा?"

भावजय आत निघून गेली. नळ सोडल्याचा आवाज आला आणि बराच वेळ तो बंद झाला नाही.

सोमवारी यादी द्यायची होती. दुसरी यादी जोडू नये, लेखावरच्या पहिल्या नावाच्या आकड्यांचा एकच स्तंभ हवा, असे कचेरीतून बजावून आले होते. ताईंनी भावाच्या नावापुढे नऊ लिहिले आणि खाली सही केली. मोजणीत चूक नव्हती. सही करताना त्यांनी हेच मनाशी म्हटले, आणि ते वाक्य पुढे त्यांना आयुष्यभर पुरले. सही नाकारता आली असती. यादी महिनाभर अडली असती, चार लोकांनी चौकशी केली असती, कदाचित कोणीतरी दोन जिने चढून ती टाकी पाहायला गेला असता. त्या दिवशी हे त्यांना सुचलेच नाही. आकडा बरोबर आहे ना, एवढेच त्यांनी पाहिले.

भावाने एकच विनंती केली, टाकी कोपऱ्यात राहू द्या, मी वर्षातून एकदा येऊन दोन कुप्या फोडीन. कचेरीने विचारले, या कुप्या कोणत्या चालू प्रकल्पाच्या? प्रकल्प बंद झाला होता, तेव्हा कुप्या कशाच्याच नव्हत्या. खोली ज्याला मिळाली तो तरुण मनुष्य उत्साही होता आणि त्याला जागा हवी होती. त्याने टाकीची वीज बंद केली. अठराच्या अठरा कुप्या फोडून पाणी मोरीत ओतले, पाइपांचे तुकडे कचऱ्यात टाकले. भाऊ पोचला तेव्हा टाकी कोरडी करून उपडी घातलेली होती. त्याने तळाला हात लावून पाहिला, म्हणाला, "अजून ऊब आहे," आणि खाली तपासणी विभागात कामावर गेला.

धाकटीचा लेख तिच्याच नावावर राहिला. पण सरांची प्रयोगशाळा गेल्यावर तिथली हंगामी जागाही बंद झाली. एकसष्ट उल्लेख घेऊन ती घरी गेली.

पुढच्या वर्षी खंड आले तेव्हा ताईंनी मोजायला नकार दिला. ज्या यादीत काम करणारा दिसत नाही तिच्यावर माझी सही होणार नाही, असे त्यांनी लेखी कळवले. त्यांना बांधणीच्या खोलीत बसवले, आणि मोजणीला एक नवा कारकून आला. तो ताईंपेक्षा भराभर मोजी.

आता त्या सगळ्यांचे काय झाले ते सांगायचे. भावाने तपासणी विभागात आठ वर्षे साबण आणि रंगांचे नमुने तपासले, एकही लेख लिहिला नाही, आणि निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी गेला. विभागप्रमुख मानाने निवृत्त झाले. त्यांच्या जागी पहिला आला, पुढे संचालकही झाला. भावाच्या शोकसभेत तो म्हणाला की सरांनी मला पहिले नाव दिले, आणि ढसाढसा रडला. ते रडणे खरे होते, असे ताई म्हणत. धाकटी एका शाळेत शिकवू लागली. तिथे मुलांच्या गटाने प्रयोग केला की वहीवर कोणाचे नाव आधी लिहायचे यावरून ती फार काटेकोर असे, आणि मुलांना त्याचे हसू येई.

संस्थेत हल्ली यंत्र मोजते. ते सगळी नावे धरते, पहिले, दुसरे, पाचवे. म्हणून आता जो तो दहा जणांच्या लेखात आपले नाव सरकवतो. जिना अजूनही कोणी चढत नाही.

ताई ऐंशीच्या पुढे गेल्यावर धाकटीने त्यांना एक लेख पाठवला. दूरच्या एका देशात कोणी तसाच प्रयोग करून वीस वर्षे पुरी केली होती. ताईंनी तेच जुने भिंग काढले. पहिली अकरा वर्षे पाण्यातले शिसे कमी कमी होत जाते, असे त्यात लिहिले होते. बाराव्या वर्षापासून डाखावरचा थर सुटू लागतो आणि ते पुन्हा चढते. भावाची अकरा वर्षे पुरी झाली होती. ताईंनी लेखाच्या शेवटची, आधार घेतलेल्या लेखांची यादी पाहिली. भावाचे नाव पहिले कुठेच नव्हते. पहिल्याचा तो त्रेचाळीस उल्लेखांचा लेख होता. त्याच्या खात्यावर आणखी एकाची भर पडली असणार.

त्यांनी हे भावजयीला वाचून दाखवले. ती चहा ठेवायला उठली होती. नळ सोडून सवयीप्रमाणे साठ मोजून झाले होते, पण भांडे हातात धरून ती तशीच थांबली. या घराच्या पाइपांना चाळीस वर्षे होऊन गेली होती.

"वन्सं, मग आता किती वेळ वाहू द्यायचं?"

लेखातले पाणी तिकडचे होते. इथल्या पाण्याचे उत्तर त्या अठरा कुप्यांत होते. ताईंनी भिंग खाली ठेवले आणि दोघी नळाकडे पाहत राहिल्या.