भिंतीजवळचा गाळ

या, असे जवळ सरका. बुवांचा चहा व्हायचाय, कीर्तनाला वेळ आहे. तोवर पाचोडच्या भागूबाईची गोष्ट सांगतो.

बारा वर्षं माझ्या डाव्या हाताला टाळ धरून उभा राहणारा सांडू हा तिचा नवरा. संभाजीनगरच्या दवाखान्यात जाताना एवढंच बोलला, "राख गंगंत नगं. वावरात टाका."

तशी टाकली. त्याच भादव्यात पाऊस असा कोसळला की ओढा काठ सोडून वावरातून धावला आणि वीतभर माती घेऊन गेला. तलाठ्यानं पंचनाम्यात लिहिलं, 'जमीन खरडून गेली.'

भागूबाई म्हणाली, "जमीन नाय वो भाऊसाहेब, मालक गेले. दुसऱ्यांदा."

उन्हाळ्यात हा ओढा ज्याला मिळतो ते गावतळं आटलं आणि गाळ काढायला पोकलेन आलं. चालवणारा चितेगावचा फारूख. भागूबाईच्या वाट्याला शेवटची एक ट्रॉली होती. संध्याकाळी मशीन दुसऱ्या गावाला जाणार. ती फारूखसमोर जाऊन उभी राहिली.

"हितला नगं. तळ्याच्या भिंतीजवळचा दे."

"मावशी, ओढ्याच्या तोंडालाच ढीग पडलाय, गाळ तो गाळ. तिकडं चिखल हाय. मशीन फसलं तर तू ढकलनार का?"

"ढकलीन की! तुझ्यापरीस दोन भाकरी जास्त खाते."

ट्रॅक्टरवाले खदखदून हसले. तिनं फारूखची पाण्याची बाटली उचलली, मूठभर माती आत घालून हलवली आणि त्याच्यापुढं धरली.

"बघ. खडे बसले. रेती बसली. वरलं अजून फिरतंय का नाय? जड हाय ते तोंडाशीच बसतं. बारीक लांब जातं, पाणी थांबंल तिथं, भिंतीशी. मालक असंच दाखवायचे."

"लेकिन तुला बारीकच कशाला पायजे?"

"राख लई बारीक असती, बाबा."

फारूखनं मशीन बंद केलं. "कोनाची?"

आमच्याकडच्या बायका उखाण्याबाहेर नवऱ्याचं नाव घेत नाहीत. चाळीस वर्षं तिचं 'अवं' आणि 'मालक' यावर भागलं होतं. तिनं पदर डोक्यावर ओढला.

"सांडूची," ती म्हणाली.

मशीन सावकाश भिंतीकडं वळलं. एरवी फारूख बकेट ट्रॉलीवर धाडकन रिकामी करायचा. त्या दिवशी त्यानं ती अलगद टेकवली, मग उपडी केली.

त्या गाळात वरच्या सगळ्या शिवारांची माती होती, हे भागूबाईलाही कळत होतं. तरी तिनं फावडं लावलं नाही. अख्खी ट्रॉली वावरात हातानं पसरली.

आता ती रोज ओढ्याच्या अंगाला दगड रचते. बांध गुडघ्याएवढा झालाय.

चला, बुवा उठले. माझ्या डाव्या हाताची जागा अजून मोकळीच आहे. एवढंच मागणं, यंदा ओढ्याला गढूळ पाणी दिसलं, तर माझ्या सांडूची आठवण करा.