दुसऱ्या खोलीचं सबमीटर

गच्चीवर सोलर बसवला की बद्रीनाथला महिन्याला सहा हजार सुटणार होते. हा हिशेब त्यानं तीनदा केला आणि तिन्ही वेळा तो सहा हजारांवरच आला. पडेगावातल्या त्याच्या घरात खाली चार खोल्या भाड्यानं दिलेल्या, वर तो स्वतः आणि बायको द्वारकाबाई. पाच बिऱ्हाडांत वीजजोडणी एकच, बद्रीनाथच्या नावाची. प्रत्येक भाडेकरूच्या दाराशी एक सबमीटर. एक तारखेला बद्रीनाथ चष्मा पुसून आकडे बघत फिरायचा आणि युनिटला बारा रुपये घ्यायचा. पण बिलाची एक खोड असते, वापर जितका जास्त तितकं वरचं युनिट महाग. उन्हाळ्यात बिल साडेनऊ हजारांवर गेलं की बद्रीनाथचं जेवण उतरायचं नाही. सोलर आला म्हणजे बिल साडेतीनवर येणार आणि भाडेकरूंची वसुली मात्र चालूच राहणार. शिवाय हप्त्याचं नाव सांगून बाराचे चौदा करता येणार. अनुदान सरकारचं, ऊन देवाचं, पैसे भाडेकरूंचे. असं पीक सोयगावच्या कापसात त्याच्या बापानंसुद्धा कधी काढलं नव्हतं.

वर जाणाऱ्या त्या बिलात सगळ्यात मोठा वाटा दुसऱ्या खोलीचा होता. तिथं बन्सी राहायचा. अठरा वर्षं त्यानं खडी क्रशरवर काढली होती, आणि क्रशरची धूळ आता त्याच्या छातीत कायमची भाडेकरू होऊन बसली होती. खाटेशेजारी ऑक्सिजनची मशीन, मशीनची नळी नाकात. मशीन दिवसाला आठ युनिटं खायची. बन्सीची बायको सत्यभामा छावणी भागात दोन घरी स्वयंपाक करायची. तिच्या पगाराचा निम्मा भाग नवऱ्याच्या नाकातून जातो, असं बन्सीच हसत सांगायचा. हसला की खोकायचा आणि खोकला की बराच वेळ बोलायचा नाही.

"बन्सीभाऊ, तुझ्या मशीनमुळं माझा स्लॅब चढतोय रे," मार्चच्या एक तारखेला आकडा वाचताना बद्रीनाथ म्हणाला. "तुझी मशीन नसती तर मी खालच्या दरात बसलो असतो."

"मालक, मी नसतो तर तुम्ही आणखी खाली बसला असता," बन्सी म्हणाला. "घ्या, चहा घ्या. चहा गॅसवर केलाय, त्याचा स्लॅब नाय."

बद्रीनाथ चहा घ्यायला टेकला. मोबाइलवर बातम्या ऐकायची त्याला सवय होती, आणि ऐकलेली बातमी दुसऱ्याला सांगितल्याशिवाय पचायची नाही. "थोडी कळ काढ आता. अणुवीज येणार. खासगी कंपन्यांना परवानगी दिलीय सरकारनं. छोट्या-छोट्या अणुभट्ट्या. एकदा त्या सुरू झाल्या की युनिट दोन रुपयाला."

"किती वर्षं लागतील?"

"धा-बारा."

"मग त्या अणूला म्हणावं जरा पायी नको येऊ, रिक्षा कर," बन्सी म्हणाला. "इथं माझा श्वास रोजच्या रोज पोट भरतो."

सत्यभामा मात्र हसली नाही. तिच्या डोक्यात अणू नव्हता, एप्रिल होता. एप्रिलात शेजारपाजारचे कूलर सुरू होतात आणि दुपारी लाईट जायला लागते. लाईट गेली तर बद्रीनाथचा जुना इन्व्हर्टर मशीन तासभर ओढायचा आणि त्यापुढं कोपऱ्यातली ऑक्सिजनची टाकी होती. टाकीचं महिन्याचं भाडं वेगळं, भरायचे पैसे वेगळे. तरीही टाकी तिथं उभी आहे हे बघितल्यावरच सत्यभामेला झोप लागायची.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सोलरवाला गोकुळ प्लेटा घेऊन आला. गोकुळ तरुण, तोंडानं गोड, खिशात दोन पेनं. गच्चीवर निळ्या प्लेटा चढल्या, तिथल्याच भिंतीवर एक पांढरा डबा बसला. त्याआधी सही घेताना गोकुळ म्हणाला, "काका, बॅटरीवाला घ्या. साठ हजार जास्त लागतील, पण मेन लाईन गेली तरी घर चालू राहतं. बिगरबॅटरीचं तसं नाय राहत."

बद्रीनाथनं जिल्हा परिषदेत एकतीस वर्षं कारकुनी केली होती. समोरचा माणूस काय सांगतो यापेक्षा तो ते कशासाठी सांगतो हे त्याला आधी ऐकू यायचं. साठ हजारांवर या पोराचं कमिशन किती असेल, हे त्यानं मनात काढलं आणि हसला. "बाळा, मी दुकानं लई पाहिलीत. बिगरबॅटरीचंच लाव."

गोकुळनं एकदाच सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं असतं तर गिऱ्हाईक हातचं गेलं असतं, आणि त्याचाही हिशेब होताच.

संध्याकाळी बद्रीनाथनं सगळ्या भाडेकरूंना अंगणात बोलावलं, पेढे वाटले आणि मे महिन्यापासून युनिट चौदा रुपये होईल असं सांगितलं. पेढा तोंडात असताना भांडण करता येत नाही, हे त्याला माहीत होतं. तेवढ्यात सत्यभामेनं विचारलं, "भाऊ, मेन लाईट गेली तरी सोलर चालंल ना?"

"अवो बाई, ऊन काय वीजवाल्यांना विचारून पडतं का?"

सगळे हसले. खरंच होतं की. वर ऊन, खाली तार, मध्ये प्लेटा. यात वीजवाल्यांचं काय काम?

"आन रातच्याला?"

"रातची लाईट आपल्याकडं जाती कुठं? जाती ती दुपारी, लोड आला की. आणि दुपारी तर ऊन आपल्या बापाचं."

बद्रीनाथ खोटं बोलत नव्हता. तसंच असेल असं त्याला मनापासून वाटत होतं. एवढं वाटत होतं की त्याच आठवड्यात त्यानं जुना इन्व्हर्टर बॅटरीसकट खुलताबादच्या मेहुण्याला, सोमनाथला, आठ हजारांत देऊन टाकला. सोमनाथचं दर्ग्याच्या वाटेवर फुलांचं दुकान होतं, त्याला पंख्यासाठी हवाच होता.

आता गणित सत्यभामेच्या पदरात पडलं. चौदाच्या दरानं मशीनचेच महिन्याला साडेतीन हजाराच्या आसपास होत होते. टाकी ठेवायची तर किराणा तोडावा लागणार होता. तिनं चार दिवस विचार केला. पाचव्या दिवशी टाकीवाल्याला फोन केला आणि तो येऊन टाकी घेऊन गेला. कोपऱ्यात फरशीवर एक गोल डाग राहिला. सत्यभामेनं त्यावर पाण्याची घागर ठेवली.

मे लागला. एका संध्याकाळी कामावरून आल्यावर तिची नजर दाराशी सबमीटरवर गेली. रोज बघून-बघून तिला त्या आकड्यांची चाल पाठ झाली होती. आज आकडा हळू चालला होता. ती आत आली आणि खाटेसमोर उभी राहिली.

"दुपारची मशीन बंद केली होती?"

"कुनी सांगितलं?"

"मीटरनं."

बन्सीनं नळी नीट केली. "झोपलेला असतो ना मी दुपारी. झोपलेल्या माणसाला कशाला लागतो एवढा? दोन तास वाचवले. तेवढंच तेल येईल."

"तेल मी आणीन. तुमी श्वास घ्या फक्त." तिचा आवाज चढला. "तेवढं एक काम दिलंय तुमाला, ते बी नीट होईना."

"बरं बाई. घेतो. भरपूर घेतो," बन्सी म्हणाला. "उद्यापासून दोन-दोन घेतो."

दुसऱ्या दिवसापासून ती दुपारचं काम सोडून घरी थांबू लागली. एका घरचा पगार गेला, पण मशीन चालू राहिली.

त्या शुक्रवारी दुपारी बाराच्या पुढं उन्हानं रस्ते पांढरे पडले होते. सत्यभामा भाकरी थापत होती. कोपऱ्यावरच्या विजेच्या डीपीतून ढप्प असा आवाज आला, पंखा थांबला आणि मशीननं लांबलचक शिट्टी सुरू केली. बन्सीनं हात वर करून तिला गप्प राहायची खूण केली. घाबरू नको, सोलर घेईल.

शिट्टी थांबली नाही.

"भाऊ! भाऊ, सोलर लावा! मशीन बंद पडली!"

बद्रीनाथ जिन्यावरून खाली आला. चेहरा शांत, जवळजवळ खुश. हीच तर वेळ होती दाखवून द्यायची. "घाबरू नका. उचलायला दोन मिनिटं घेतंय ते."

ते दोघं खाटेशी उभे राहिले आणि वाट बघू लागले. शिट्टी वाजत राहिली. बन्सीचे खांदे वर-खाली होऊ लागले. बद्रीनाथ वळला आणि जिना चढून गच्चीवर गेला.

गच्चीवर पाय ठेववत नव्हता. प्लेटांवर ऊन असं पडलं होतं की बघवत नव्हतं. एवढं ऊन, आणि पांढऱ्या डब्यावर एक लाल दिवा. बद्रीनाथनं खटका खाली केला, वर केला. परत खाली, परत वर. डब्यावर थाप मारली. मग गोकुळला फोन लावला.

"अरे, सोलर चालू होईना! लाईट गेलीय!"

"काका, मेन लाईन गेली की ते आपोआप बंद होतं. तारेत करंट राहिला तर खांबावरच्या लाईनमनला बसंल, म्हनून. मी म्हनलं होतं ना, बॅटरीवाला घ्या."

"मला वाटलं तू माल खपवायला बोलतोस."

गोकुळ खपवायलाच बोलत होता, आणि खरंही बोलत होता.

"काहीतरी युक्ती असंल रे. तार जोडून, काहीतरी... इथं भट्टी लागलीय उन्हाची!"

"नाय काका. खालून लाईन आल्याबिगर नाय."

बद्रीनाथ फोन ठेवून परत खटक्याकडं वळला. त्याला पटतच नव्हतं. एक लाख नव्वद हजार मोजून घेतलेलं ऊन डोळ्यांसमोर पडलेलं होतं आणि त्याचा एक थेंबही खाली उतरत नव्हता. त्यानं सोमनाथलाही फोन लावला, इन्व्हर्टर घेऊन ये म्हणाला. सोमनाथ म्हणाला, घाट उतरून यायला तास लागंल, दाजी.

खालून द्वारकाबाईंचा आवाज आला. नवऱ्याला उभ्या आयुष्यात त्यांनी असं ओरडून हाक मारली नव्हती.

"अवो, त्या डब्याला काय कवटाळून बसलाय! माणसाची नखं निळी पडली! गाडी काढा!"

तेव्हा कुठं तो गच्चीवरून हलला.

गाडीच्या मागच्या सीटवर सत्यभामेनं बन्सीचं डोकं मांडीवर घेतलं. द्वारकाबाई पुढं बसून काच खाली करत होत्या, जणू बाहेरची हवा जास्त कामाची असेल. "बन्सीभाऊ, हळू घे. हळू घे रे," बद्रीनाथ आरशात बघून म्हणत होता. हॉर्नवरचा हात त्यानं उचललाच नाही.

बन्सीचे ओठ हलले. सत्यभामा खाली वाकली.

"काय म्हणतोय?" बद्रीनाथनं विचारलं.

"म्हणत्यात..." सत्यभामेनं पदरानं त्याचं तोंड पुसलं. "म्हणत्यात, मालक, ऊन लई हाय."

नगर नाक्यावर एक लांबलचक ट्रेलर आडवा वळत होता. तो वळेपर्यंत बद्रीनाथ खाली उतरला, हात जोडून ड्रायव्हरला विनवू लागला, रिक्षावाल्यांना बाजूला ढकलू लागला. तो परत गाडीत बसला तेव्हा मागं सगळं शांत होतं. सत्यभामा नवऱ्याच्या छातीवर हात ठेवून बसली होती आणि तो हात वर उचलला जात नव्हता.

घाटीच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी प्रयत्न केले. नंतर एकानं विचारलं, घरी टाकी नव्हती का? सत्यभामेनं बद्रीनाथकडं बघितलं नाही. "होती," एवढंच म्हणाली.

लाईट साडेतीनला आली. घरी कुणी नव्हतं. दुसऱ्या खोलीतली मशीन आपोआप सुरू झाली आणि रिकाम्या खाटेवर नळीतून हवा सोडत राहिली. रात्री सगळे परत आले तेव्हाही ती चालूच होती. द्वारकाबाईंनी ती बंद केली.

जूनच्या एक तारखेला बद्रीनाथ सबमीटर वाचायला खाली आला. पहिली खोली, तिसरी, चौथी. दुसऱ्या खोलीपुढून तो मान खाली घालून गेला. सत्यभामा त्याच दिवशी खोली सोडून भावाकडं निघाली होती. सामान रिक्षात भरून झालं होतं. ती जिना चढून वर आली.

"भाऊ, आमचा आकडा नाय घेतला तुमी."

"राहू द्या बाई. आता काय..."

"घ्या. चष्मा आणा, खाली चला."

"मला नको ते पैसे. डिपॉझिट सगळं परत देतो."

"डिपॉझिट द्या, ते माझं हाय. हे तुमचं हाय." तिनं पदराची गाठ सोडली. "सोडून दिलं तर उद्या तुमीच म्हनाल, बन्सीचं लाईट बिल मी माफ केलं होतं. पेढे वाटतानी सांगाल कुनाला तरी. त्येनी दोन-दोन तास श्वास दाबून तुमचं मीटर थांबवलंय. त्येंचं बिल माफीत नाय जायचं."

बद्रीनाथनं द्वारकाबाईंकडं बघितलं. द्वारकाबाई म्हणाल्या, "जा. आकडा बघा."

तो खाली गेला. चष्मा पुसला. परत पुसत राहिला, तेव्हा आकडा सत्यभामेनंच वाचून सांगितला. चौदानं गुणलं. तिनं मोजून नोटा त्याच्या तळहातावर ठेवल्या आणि सुटे दोन रुपये परत घेतले.

पुढच्या महिन्यात बिल आलं. आठ युनिटं खाणारी मशीन नव्हती, प्लेटांनी महिनाभर भरपूर वीज केली होती. बिल चारशे बारा रुपये. घर बांधल्यापासून इतकं कमी बिल कधी आलं नव्हतं. बद्रीनाथनं ते दोनदा उलटून पाहिलं आणि बायकोला न दाखवता कपाटात ठेवलं. दुसरी खोली अजून रिकामी होती. त्यामुळं तिथली वसुली नव्हती, आणि सहा हजारांचा तो हिशेब पुन्हा कधी जुळला नाही.

सरकारनं अनुदान दिलं. गोकुळनं त्याचं कमिशन घेतलं. सोमनाथचा पंखा चालू राहिला. युनिटाचे पैसे सत्यभामेनं भरले, चौदाच्या दरानं, पै-पै. चारशे बारा बद्रीनाथनं भरले.

बाकीचं सगळं बन्सीनं भरलं.