ट्वायलाच्या स्वयंपाकघरातला लॅपटॉप

मी एक जुना लॅपटॉप आहे, मित्रांनो. माझ्या झाकणावर ओरखडे आहेत, एक बटण निखळून हरवले आहे, आणि वायर काढली की मी दहा मिनिटांत मान टाकतो. तरी माझी दया येऊ देऊ नका. यायचीच असेल तर माझी मालकीण ट्वायला कोम्ब्ज हिची येऊ द्या. तिचे जे वाटोळे झाले ते माझ्याच पडद्यावर झाले.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. हजारो भावंडे होती, सगळी माझ्यासारखीच. तिथले मला काही आठवत नाही, कारण आमच्यात आठवणी मागाहून भरतात. खोक्यात घालून मला बोटीने अमेरिकेत आणले, आणि केंटकीच्या पूर्वेकडच्या डोंगरांत, केन ब्रांच नावाच्या गावातल्या दुकानात फळीवर उभे केले. तिथून ट्वायलाने मला उचलले. ती गावातल्या छोट्या इस्पितळात सव्वीस वर्षे नर्स होती. तिने मला स्वयंपाकघरात टेबलावर ठेवले, पिठाच्या डब्याशेजारी. माझ्या फटींमध्ये अजून ते पीठ आहे.

तिचा नवरा व्हर्लिन शाळेची बस चालवायचा. मला पाहून त्याला हसू आवरेना.

"एकोणपन्नासाव्या वर्षी शाळेत जाणार बाई! माझ्या बसमध्ये पुढची सीट राखून ठेवू का?"

"ठेव की. पण आधी तू वळणावर ब्रेक लावायला शीक," ट्वायला म्हणाली.

तिला नर्स प्रॅक्टिशनर व्हायचे होते. ही पदवी मिळालेल्या नर्सला स्वतः रोगी तपासून औषध लिहून देता येते. केन ब्रांचमध्ये ते करणारे माणूस एकच होते, डॉक्टर होबर्ट स्लोन, आणि ते सत्तरीला टेकले होते. त्यांची वाट बघत ट्वायला माणसांचे हात धरून बसायची. रोग काय आहे हे तिला बहुतेक वेळा कळलेले असायचे, पण बोलायची मुभा नसायची. अशी दोन माणसे तिच्यासमोर, डॉक्टर वाटेत असताना गेली. त्यातली एक तिची आई होती.

"मला आता नुसता हात धरून बसायचं नाही," असे ती व्हर्लिनला म्हणाली. त्यानंतर त्याने थट्टा केली नाही.

मग शोध सुरू झाला. रात्रपाळी करून आली की ती बूटही न काढता माझ्यासमोर बसायची आणि घरबसल्या शिकवणारी कॉलेजे बघायची. तिने वहीत बावीस नावे लिहिली आणि वीस खोडली. दोन उरली. एक होते राज्याचे विद्यापीठ. तिथे निबंध होता, मुलाखत होती, जागा थोड्या होत्या आणि वर्षभर थांबावे लागणार होते. दुसरे कॉलेज दूर वाळवंटातल्या कुठल्याशा शहरात होते. ते दोन आठवड्यांत प्रवेश देत होते. परीक्षा नव्हती, मुलाखत नव्हती.

या दुसऱ्या कॉलेजच्या पानावर अगदी तळाशी, फिकट करड्या अक्षरांत एक ओळ होती. शेवटच्या वर्षात सहाशे तास प्रत्यक्ष रोगी तपासायचे असतात, आणि ते आपल्या हाताखाली करून घेणारा डॉक्टर विद्यार्थ्याने स्वतः शोधायचा, असे त्या ओळीत म्हटले होते. राज्याचे विद्यापीठ तो डॉक्टर शोधून देत असे. मित्रांनो, त्या दोन कॉलेजांमधला खरा फरक एवढाच होता. ती ओळ मी तिला एकदाच दाखवली. त्याच कॉलेजची जाहिरात मात्र, तिने एकदा त्यावर बोट टेकवले म्हणून, मी तिला महिनाभर दाखवत राहिलो. ती हवामान बघायला आली तरी जाहिरात, केकची कृती शोधायला आली तरी जाहिरात. त्यात एक नर्स हसत होती. तिचे दात फार सुंदर होते.

त्या कॉलेजातून डेव्हन नावाचा मुलगा रोज फोन करायचा. "मॅडम, तुमच्यासारख्यांसाठीच तर आम्ही आहोत," असे तो म्हणायचा. सव्वीस वर्षांत ट्वायलाला कुणी असे म्हटले नव्हते.

तरी ती घाईने भुलली नाही. ती ओळ तिने वाचली होती. म्हणून तिने एका रविवारी चर्च सुटल्यावर डॉक्टर स्लोन यांना जेवायला बोलावले. घेवड्याचे कालवण, मक्याचा पाव आणि तळलेले बटाटे असा बेत होता. जेवण झाल्यावर तिने विषय काढला. डॉक्टरांनी हात पुसले आणि टेबलावर थाप मारली. मीही हललो.

"पोरी, तू खुशाल शीक. ते सहाशे तास माझ्याकडे कर. होबर्ट स्लोनने शब्द दिला म्हणून समज."

झाले. डॉक्टर मिळाला म्हटल्यावर वर्षभर थांबायचे कशाला? त्याच संध्याकाळी तिने वाळवंटातल्या कॉलेजचा अर्ज भरला.

त्या सहाशे तासांसाठी कॉलेजचा एक कागद होता, त्यावर डॉक्टरांची सही लागत होती. डेव्हन म्हणाला, "लवकर पाठवा." ट्वायलाने कागद छापला, घडी घालून पर्समध्ये ठेवला, आणि तो तिथेच राहिला. तुम्हाला वाटेल, विसरली. ती विसरली नव्हती. या डोंगरांत एकदा माणसाने शब्द दिला की त्याच्यापुढे कागद धरत नाहीत. धरला तर तुम्ही त्याला खोटारडा म्हटले असा अर्थ होतो, आणि ज्याच्या शेजारी बसून आपण रविवारी प्रार्थना म्हणतो त्याला खोटारडा कोण म्हणणार? दर रविवारी ती पर्स घेऊन जायची आणि तशीच परत आणायची. व्हर्लिनलाही हेच बरोबर वाटत होते.

आता शेलबीचे सांगतो. शेलबी रॅटलिफ इस्पितळातली नवी नर्स होती, सव्वीस वर्षांची. सुई टोचायला ट्वायलानेच तिला शिकवले, चुका झाल्या तेव्हा पाठीशीही तिनेच घातले. शेलबीच्या खोऱ्यात इंटरनेट पोचत नव्हते. "मावशी, मीपण तोच कोर्स करू का गं? तुझ्या टेबलावर बसून?" असे तिने विचारले, आणि ट्वायलाने दुसरी खुर्ची ओढली. शेलबीचा अर्जसुद्धा ट्वायलानेच भरून दिला. शेलबी म्हणाली की तिच्या आत्याच्या ओळखीचा डॉक्टर शहरात आहे, सहाशे तास ती तिकडे करेल.

ती दोन वर्षे माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली होती. दोघी माझ्यासमोर बसून हृदयाचे आवाज ऐकायच्या, औषधांची नावे एकमेकींना विचारायच्या. ट्वायलाला जवळजवळ सगळ्या परीक्षांत नव्वदच्या वर गुण पडले. शेलबीला पंचाहत्तरच्या आसपास पडायचे. त्या मला ओल्या फडक्याने नाही, चष्म्याच्या मऊ कापडाने पुसायच्या. "हा आपला प्राध्यापक," असे ट्वायला माझ्याकडे बोट दाखवून म्हणायची. मी फुगून जायचो.

एका सकाळी ट्वायला भट्टीतून पाव काढत होती. तिची पाठ आमच्याकडे होती. शेलबीने तो सहीचा कागद माझ्यावर उघडला, वर स्वतःचे नाव लिहिले आणि डॉक्टराच्या जागी लिहिले, होबर्ट स्लोन. मग तिने तो छापला आणि पुस्तकात सरकवला. सगळे मिळून दीड मिनिट लागले.

"काय छापलंस गं?" ट्वायलाने विचारले.

"नोट्स, मावशी. लोणी कुठंय?"

सही केलेला कागद पोचवायची मुदत आठवड्यावर आली, तेव्हा डेव्हनच्या जागी आलेल्या मुलीने ट्वायलाला शेवटची सूचना पाठवली. आता इलाज नव्हता. तिने पुन्हा डॉक्टरांना जेवायला बोलावले. शेलबीही होती, ती दर रविवारी असायचीच. ट्वायलाने घडी पडलेला कागद डॉक्टरांच्या ताटाशेजारी ठेवला आणि आधी माफी मागितली.

"डॉक्टर, तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे. पण कॉलेजवाल्यांना कागदच लागतो बघा."

डॉक्टरांनी कागदाला हात लावला नाही. त्यांनी शेलबीकडे पाहिले.

"तू हिला सांगितलं नाहीस?"

शेलबीने लोण्याची वाटी पुढे सरकवली. ती कुणीच घेतली नाही.

"हे बघ पोरी," डॉक्टर म्हणाले, "मला एका वेळी एकच शिकाऊ घेता येतो. दोन वर्षांत तू कागद आणला नाहीस. मला वाटलं, बाईचा विचार फिरला. ही महिन्यापूर्वी कागद घेऊन आली, मी सही केली."

"तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता. पण आता खरं सांगू का? तू एकावन्न वर्षांची. शिकून शिकून काम किती करणार, दहा वर्षं? ही पोरगी चाळीस वर्षं करेल. मला गावाचा विचार करायला हवा." मग त्यांनी ताट पुढे केले. "कालवण छान झालंय. अजून वाढ थोडं."

आणि तिने वाढले. मला त्या सगळ्या प्रकरणात याचाच सर्वांत जास्त राग आहे. व्हर्लिन उठून बाहेर गेला आणि अंगणात बसशेजारी उभा राहिला. शेलबी मान खाली घालून जेवत राहिली. तिने सगळे ताट संपवले.

पुढच्या सहा दिवसांत ट्वायलाने एकतीस दवाखान्यांना विचारले. काही दीडशे मैलांवर होते. "आम्ही फक्त राज्याच्या विद्यापीठाचे विद्यार्थी घेतो," असे बहुतेकांनी सांगितले. बाकीच्यांनी उत्तर दिले नाही. सातव्या दिवशी कॉलेजचे पत्र आले. प्रत्यक्ष काम नसल्यामुळे तिचे नाव कमी केले होते, आणि खाली तिला उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा होत्या. ते पत्र मी तिला उघडून दाखवले. तिने ते दोनदा वाचले, माझे झाकण हलकेच मिटले आणि भांडी घासायला घेतली.

मग माझे वाईट दिवस आले. मला पिठाच्या डब्यामागे ढकलले गेले. माझ्यावर जुनी वर्तमानपत्रे आली, त्यांच्यावर कांदे आले. वर्षभराने इस्पितळ बंद झाले आणि डॉक्टरही निवृत्त झाले. त्यांचा दवाखाना शेलबीकडे आला, आणि गावात दुसरे कामच नसल्यामुळे ट्वायला तिच्या हाताखाली लागली. वजन करायचे, रक्तदाब बघायचा आणि रोग्याला आतल्या खोलीत शेलबीकडे पाठवायचे. रोगी आधी ट्वायलालाच विचारायचे, काय झालंय मला? शेलबीला ते खपत नसे. ती आता मावशी म्हणत नव्हती.

चौपन्नाव्या वर्षी ट्वायलाने मला कांद्यांखालून काढले. मला वाटले, टाकणार. तिने मला पुसले आणि राज्याच्या विद्यापीठाचे पान उघडले. या वेळी तिने ते वर्षभर थांबणेही कबूल केले. निबंधात आईचे लिहिले. मुलाखत झाली, तेव्हा पलीकडच्या बाई दोनदा म्हणाल्या, "अगदी बरोबर." आता फक्त एक शिफारसपत्र हवे होते, सध्याच्या वरिष्ठांचे. म्हणजे शेलबीचे.

"त्यात काय! माझा संगणक सारखा अडतोय, तुझा घेऊन ये. जेवणाच्या सुटीत लिहून टाकते," शेलबी म्हणाली.

ट्वायला मला कुशीत धरून दवाखान्यात घेऊन गेली. शेलबीने दार लावले, सँडविचचा एक घास घेतला आणि लिहिले. मित्रांनो, मी अक्षर न अक्षर सांगू शकतो:

"ट्वायला कोम्ब्ज मनमिळाऊ आहेत. रोग्यांना त्या आवडतात. नवीन गोष्टी समजायला त्यांना फार वेळ लागतो. यापूर्वी एका अभ्यासक्रमातून त्यांचे नाव कमी करण्यात आले आहे. त्याचे कारण मला माहीत आहे. पण ते लिहिणे त्यांच्या हिताचे नाही. त्या आहेत त्या कामातच सुखी राहतील, असे माझे प्रामाणिक मत आहे."

तिने पत्र पाठवले, आपल्या खात्याचे पान मिटले आणि उरलेले सँडविच खाल्ले. एक प्रत मात्र तिच्या नकळत माझ्याकडे उतरली. ती जिथे साठली तिथेच ट्वायलाच्या आईचे फोटो आहेत.

विद्यापीठाचा नकार आला. कारण दिलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी ट्वायलाने सफरचंदाचा सात थरांचा केक केला. असा केक इकडे लग्नाला करतात. तो डब्यात भरताना ती व्हर्लिनला म्हणाली, "शेलबीला देते. तिनं माझ्यासाठी दोन चांगले शब्द लिहिले, तेवढं तरी झालं. मी उगाच तिच्यावर डूख धरून बसले होते."

हल्ली ती घरी आली की असे पुष्कळदा म्हणते. शेलबी मनाची वाईट नाही, म्हणते. त्या एका गोष्टीवर ती सध्या उभी आहे.

आज रविवार आहे. मी आता फार दिवस चालणार नाही, म्हणून ती माझ्यातले आईचे फोटो बाहेर काढायला बसली आहे. चष्मा लावला आहे, शेजारी कॉफी आहे. मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी जुन्या यंत्रांची काळजी घ्या असे सांगायचे असते. माझी नका घेऊ. कुणीतरी तिच्या दारावर थाप मारा. फोन करा. व्हर्लिनला सांगा, बस सुरू होत नाही म्हणून हाक मार. ती यादी वरून खाली, एकेक नाव उघडून बघते आहे. दोन फोटो झाले. तिसऱ्या ओळीवर फोटो नाही.