तिसऱ्या अल्बमचं गाणं

पहिला अल्बम: दुष्काळात चारा-पाणी संपलं, तेव्हा ब्रॉडीने स्वतःच्या मेंढ्या गोळ्या घालून मारल्या. त्याच्या बहिणीने, मेरिनने, त्यावर गाणं लिहिलं आणि टॅमवर्थच्या संगीत महोत्सवात मोठ्या स्टेजवर गाऊन लोकांना रडवलं.

दुसरा अल्बम: ब्रॉडीची बायको त्याला सोडून गेली. त्यावरचं मेरिनचं गाणंही गाजलं.

तिसरा अल्बम: अजून कोराच. मेरिन घरी आली, तेव्हा ब्रॉडी शेत विकल्याच्या कागदांवर सह्या करत होता.

“ताई, हे तरी गाऊ नकोस. मेंढ्या मी मारायच्या आणि टाळ्या तू घ्यायच्या, पुरे झालं आता.”

“नाही रे गाणार. शपथ.”

तिने त्याला जवळ घेतलं. तो हुंदके देऊ लागला. त्याच्या पाठीवर तिची बोटं नकळत ताल धरू लागली.

ब्रॉडीने तिचे हात बाजूला केले.

“चाल जमली वाटतं,” तो म्हणाला.